कोकणात ज्वालामुखी शिकवायचा की फक्त दरडी? (चर्चा)

जांभाचिरा, रत्नागिरी
23 नोव्हेंबर 2025 ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला. राख लाल समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी आपल्या देशावर आली. विमानं रद्द झाली. कण्णूरहून अबू धाबीला निघालेलं एक विमान अहमदाबादला उतरवावं लागलं. कोकणातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात असतं. राख म्हणजे नक्की काय, ती इंजिनात गेली की काय होतं, हे त्या दिवशी घराघरांत विचारलं जात होतं आणि सांगणारं कुणी नव्हतं. ती राख चुलीतली नसते, काचेसारख्या दगडाचा बारीक चुरा असतो. इंजिनाच्या उष्णतेत तो वितळतो आणि आत चिकटून बसतो.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना ज्वालामुखी जपान-इटलीच्या चित्रांवरून शिकवू नका, आपल्या पायाखालच्या दगडावरून शिकवा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोतातून आपला काळा दगड ओतला गेला, तोच आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. 1977 मध्ये तिथल्या एका गावात लाव्हा शिरला, त्यानंतर तिथे ज्वालामुखीची वेधशाळा उभी राहिली. दुसरं म्हणजे उन्हवरे, तुरळ, राजवाडी, आरवली, सव, गणेशपुरी इथल्या गरम झऱ्यांची दर महिन्याला नोंद ठेवा. तापमान, पाण्याची पातळी, वास. थर्मामीटर आणि वही, बस.

सावित्रीकाठ, महाड
माझा ठाम विरोध आहे. महाराष्ट्रात एकही जिवंत ज्वालामुखी नाही. देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी बॅरन बेटावर, म्हणजे अंदमानात. आमच्याकडे माणसं कशाने मरतात ते बघा. 22 जुलै 2021 ला तळिये गाव दरडीखाली गेलं. त्या वेळी महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. 19 जुलै 2023 च्या रात्री इरसालवाडी तशीच गेली. शाळेचे तास मोजके, शिक्षक मोजके. जो धोका इथे नाही तो शिकवण्यात ते घालवायचे? वही हवीच असेल तर ती पर्जन्यमापकाशेजारी ठेवा, गरम झऱ्याच्या कुंडाशेजारी नको.

डहाणूकडचा
झऱ्यांच्या नोंदीला माझाही विरोध, पण कारण वेगळं. नोव्हेंबर 2018 पासून आमच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. थंडीत लोक पोराबाळांना घेऊन अंगणात झोपायचे. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेने यंत्रं बसवली, धक्के उथळ आहेत हे मोजून दाखवलं. पण त्याआधी आमच्या पाड्यावर ‘जमिनीखाली ज्वालामुखी जागा होतोय’ हे पसरून झालं होतं. उद्या कुणी कुंडात थर्मामीटर बुडवून ‘दोन अंश वाढले’ असं ग्रुपवर टाकलं, तर काय होईल? आमच्या वाटणीला आलेली भीती मी दुसऱ्या कुणाला देऊ इच्छित नाही. शिकवा मात्र जरूर. ती अफवा खोटी आहे हे सांगू शकणारा पाड्यावर एक जण जरी असता, तरी फरक पडला असता.

जांभाचिरा
डहाणूकर, तुमची भीती रास्त आहे, पण उपाय उलटा सांगताय. आधीची नोंद नसते म्हणून दोन अंशांची अफवा होते. पाच वर्षांची वही असेल तर कुणीही दाखवू शकेल की पावसाळ्यानंतर एवढा चढउतार होतच असतो. आणि हे झरे ज्वालामुखीचे नाहीत, हेही त्याच वहीशेजारी लिहून ठेवायचं: पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. उन्हवऱ्याला पाणी हात भाजेल इतकं कढत असतं, म्हणून खाली लाव्हा आहे असं होत नाही. राजापूरची गंगा आली-गेली याची आठवण लोक ठेवतातच ना? तसंच हे.

फळा-खडू, चिपळूण
मी भूगोल शिकवतो. सावित्रीकाठ, दरड आणि ज्वालामुखी हे दोन वेगळे विषय तुम्ही धरलेत, तिथेच माझा आक्षेप आहे.

घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे मुलांना उभं करतो. काळ्या दगडाचे थर एकावर एक दिसतात, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा, वीतभर ते पुरुषभर जाडीचा. लाव्ह्याचा एक लोट आला, थंड झाला, वरून कुजला, त्याची माती झाली, मग तिच्यावर पुढचा लोट आला. ती भाजलेली माती म्हणजे तो पट्टा. बोटाने खरवडला तर लाल भुकटी हाताला लागते, आणि ओला झाला की चिकणमातीसारखा घसरतो. वरचा दगड भेगाळलेला, पाणी सरळ खाली उतरतं आणि या पट्ट्यावर अडतं. पावसाळ्यात कापणीच्या भिंतीतून पाण्याच्या धारा नेमक्या त्याच रेषेतून का निघतात, हे मुलं मग आपणहून सांगतात. लाव्हा समजल्याशिवाय हे कसं शिकवणार?

वेंगुर्ल्याची, माहेर मालवण
मास्तर, पण सगळं कोकण लाव्ह्याचं नाही. आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. एकच धडा सगळ्या जिल्ह्यांना लावू नका.

सावित्रीकाठ
मास्तर, तुमच्यासारखा शिक्षक मिळाला ती मुलं भाग्यवान. पण तळियेत बहुतेक वरची माती आणि कुजलेला दगड पावसाने सुटून खाली आला. अशी वाडी हलवायची तर डोंगराला गेलेली चीर आणि पावसाचा आकडा पुरतो, थर कधी ओतला गेला ते लागत नाही. इतिहास सुंदर आहे, पण जुलैच्या रात्री त्याचा उपयोग काय?

जांभाचिरा
उपयोग काय ते जगात दिसलंय. 1991 मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीवर शास्त्रज्ञांनी धक्के आणि वायू मोजले, लोकांना धोका समजावून सांगितला, आणि उद्रेकाआधी हजारो माणसं हलवली गेली. कोलंबियात 1985 मध्ये नेवादो देल रुइझ ज्वालामुखीच्या धोक्याचा नकाशा उद्रेकाच्या महिनाभर आधी तयार होता. तरी 13 नोव्हेंबरच्या रात्री आर्मेरो गाव चिखलाच्या लोंढ्याखाली गेलं. या आपत्तीत सुमारे 23,000 माणसं गेली. नकाशा वाचणारे लोक घडवावे लागतात.

सावित्रीकाठ
आर्मेरोचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ज्ञान होतं, नकाशा होता, पण गाव रिकामं करायचा निर्णय झाला नाही. आमच्याकडेही तीच अडचण आहे. ‘सुरक्षित जागी जा’ म्हणतात, पण गुरं कुठे बांधायची, म्हाताऱ्यांना कुणी उचलायचं, हे कुणी ठरवत नाही. आधी ते ठरवा.

दर्यावर्दी, हर्णे
सगळे डोंगराकडे बघताय, दर्याकडेही बघा. 28 नोव्हेंबर 1945 ला पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला, त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली. हैदराबादचं इन्कॉइस हे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र आता इशारा देतं, पण तो मुख्यतः भूकंपावरून. 22 डिसेंबर 2018 ला इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीचा उतारच समुद्रात कोसळला, मोठा भूकंप न होता लाट आली आणि चारशेहून जास्त माणसं गेली. अरबी समुद्रात तसा ज्वालामुखी आपल्याजवळ नाही, मान्य. पण पाणी अचानक ओसरलं तर मासे वेचायला पुढे जायचं नाही, वर पळायचं, हे आमच्या बंदरावरच्या पोरांना माहीत आहे का? ओडिशातल्या गावांनी युनेस्कोची त्सुनामी-सज्ज मान्यता मिळवली. हर्णे का नाही?

फळा-खडू
सावित्रीकाठ, गुरं आणि म्हातारी माणसं हा तुमचा मुद्दा धड्यात घ्यायला मी तयार आहे. तुम्ही पर्जन्यमापक मागताय, तोही शाळेच्या गच्चीवर बसवू. पण पाऊस वाढला की कुठल्या उतारावरून आधी लोक हलवायचे, हे ठरवताना मला लाल पट्ट्याची रेषा नकाशावर हवीच आहे.

सावित्रीकाठ
रेषा काढा. पण पहिला पर्जन्यमापक शाळेवर नको, वरच्या वाडीत बसवा. शाळा खाली आहे, पाऊस वर पडतो.