मदत हवी आहे: एमटेकच्या प्रबंधाला फ्लेकी टेस्टचा विषय झेपेल का?

नमस्कार मंडळी. एमटेकचं दुसरं वर्ष लागलंय आणि विषयावरच गाडी अडलीये.

मला फ्लेकी टेस्टवर काम करायचंय, म्हणजे कोडला हातही न लावता आज पास, उद्या फेल होणाऱ्या टेस्ट. आधीच्या नोकरीत अशीच एक होती. सर्व्हरचं उत्तर यायच्या आत २ सेकंदांचा स्लीप (टेस्टमध्ये घातलेला ठरावीक थांबा) संपायचा. आम्ही काय केलं? स्लीप ५ सेकंदांचा केला! २०१४ साली अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांवर झालेल्या अभ्यासातही असिंक वेट, म्हणजे उत्तर येईपर्यंत नीट न थांबता टेस्ट पुढे जाणं, हेच सगळ्यात मोठं कारण निघालं होतं.

सर म्हणतात, डिफेक्ट्सफोरजे (जावा प्रकल्पांतल्या खऱ्या बगचा संग्रह) घे, म्युटेशन टेस्टिंग (कोडमध्ये मुद्दाम चुका घालून टेस्ट त्या पकडतात का ते पाहणं) कर, डेटा आयता मिळतो. खरंय. पण १९७८ पासून लोक ते दळण दळताहेत, मी नवीन काय सांगणार?

माझ्याकडे १६ जीबीचा लॅपटॉप आणि ८ महिने. प्रत्येक टेस्ट १०० वेळा पळवली की रात्रभर पंखा घोंघावतो, फ्लेकी सापडतात जेमतेम ३. कुणी आयडीफ्लेकीज या फ्लेकी टेस्ट शोधणाऱ्या टूलचा डेटासेट वापरलाय का? त्यातले जुने मेवन (जावाचं बिल्ड टूल) प्रकल्प आता बिल्ड होतात का? आणि फक्त टेस्ट पळवण्याच्या क्रमावर निकाल अवलंबून असलेल्या टेस्टपुरताच विषय आवळला तर चालेल? सरांना गुरुवारी सांगायचंय.