गोधडीत गोल बसवण्याच्या क्लासला जायचंय, घरून काय तयारी करून नेऊ?

अमळनेरची सून
नमस्कार मंडळी. महिन्याअखेरीस जळगावला एक दिवसाचा क्लास आहे. चौकोनी कापडात गोल भोक कापायचं आणि दुसऱ्या रंगाचा गोल त्यात आतून जोडायचा. वर ठेवून कडा दुमडायच्या नाहीत, सरळ जोडशिलाई. क्लासवाल्या ताईंनी यादी पाठवली आहे: दोन रंगांचं सुती कापड, पुठ्ठ्याचे साचे, बारीक टाचण्या, पाव इंची फूट (कडेपासून पाव इंचावर टीप पडावी म्हणून मशीनला लावायचा पाय), मशीन आपापलं. साचे केवढे, कापड धुऊन आणायचं की कोरं, याचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणे, "या तर खरं, मग सांगते."

गोधडी मला येते, पण ती आपली घरची. जुनी लुगडी, थरावर थर, आणि कडेपासून आत आत येत धावदोरा. मशीनवर गोलाई कधी जोडलेली नाही. सासूबाईंची दोन सुती नऊवारी मऊ झालेली आहेत, एक जांभळं आणि एक हिरवं. त्यातलाच गोल काढावा असं मनात आहे. शिवाय प्रताप मिल चालू होती त्या काळात सासऱ्यांनी आणलेला मांजरपाटाचा तागा पेटीत पडून आहे. हे चालेल का? आणि गोल घरूनच कापून नेले तर तिथला वेळ वाचेल का? मशीन माझं जुनं काळं, हाताच्या चाकाचं. सुरतेकडून येणाऱ्या गाडीत ते घेऊन चढायचं म्हणजे आधीच कसरत, म्हणून बाकीचं ओझं नेमकंच न्यायचं आहे.

धुळेकर टेलर
ताई, लुगड्याचा मोह आवरा. गोधडीच्या आतल्या थराला ते सोनं आहे, पण या कामात भोकाच्या कडेला कात्रीने चिरा द्याव्या लागतात. झिजलेल्या कापडात चिरेपासून धागे सुटतात आणि टिपेपर्यंत पोचतात. पॉपलीन किंवा केंब्रिक घ्या. मांजरपाट सरावाला उत्तम, फक्त तागा जिथे वर्षानुवर्षं घडीवर राहिला आहे ती पिवळी रेघ टाळून कापा, तिथे कापड कुजलेलं असतं.

मांजरपाट आणि नवं कापड दोन्ही आधी भिजवा. मांजरपाट आटतो, आणि गडद लाल-निळं कापड रंग सोडतं. मग पातळ खळ द्या, साबुदाण्याची चालेल. गोल कापला की त्याची कड चार ठिकाणी उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, येते आणि उरेब कड हाताळताना ताणली जाते. खळ दिलेलं कापड ताणत नाही. पण खळ कापायच्या आधी, नंतर नाही. काम संपलं की धुऊन टाका, नाहीतर झुरळं येतात.

पाव इंची फूट नसेल तर अडत नाही. सुईपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच, मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा, कापडाची कड तिला धरून चालवा. सुई ११ नंबरची नवी. गोल कापून नेऊ नका, साचे मात्र कापून न्या.

भुसावळची गणितवाली
साच्यांचं मी सांगते, कारण सगळे तिथेच अडकतात. गोल आणि भोक एकाच मापाचं कापायचं नसतं. शिवून झाल्यावर ६ इंचांचा गोल दिसायला हवा असेल, तर गोल ६.५ इंच व्यासाचा कापायचा आणि भोक ५.५ इंचांचं. म्हणजे दोन साचे. कंपासमध्ये एकदा सव्वातीन इंच त्रिज्या घ्या, एकदा पावणेतीन. डब्याचं झाकण फिरवून रेघ काढणार असाल तर ती टिपेची रेघ समजा. गोलासाठी तिच्या बाहेर पाव इंच, भोकासाठी आत पाव इंच.

आता गंमत बघा. गोलाच्या कडेचा घेर साधारण २०.४ इंच, भोकाच्या कडेचा १७.३. तीन इंचांहून थोडा जास्त फरक. कडा जुळवायला गेलात की वाटणार, माप चुकलं. माप बरोबर असतं, फक्त जुळायच्या असतात त्या टिपेच्या रेघा. दोन्ही व्यासांत नेहमी १ इंचाचा फरक, म्हणून घेरातला फरक गोल लहान असो की मोठा, ३.१४ इंचच राहतो. ६ इंचांच्या गोलात तो लांब घेरावर पसरतो, ३ इंचांच्या गोलात निम्म्या घेरावर कोंबावा लागतो. म्हणून छोटा गोल सोपा वाटतो आणि छळतो जास्त. तुम्ही ६ किंवा ८ इंचांचे साचे न्या.

शहाद्याची मावशी
एवढा खटाटोप कशाला गं? गोल वर ठेवायचा, कडा आत दुमडून हातटाक्याने शिवायचा. आमच्याकडे ठिगळं अशीच लावतात, जन्मभर टिकतात.

अमळनेरची सून
मावशी, मलाही पहिल्यांदा हेच वाटलं. पण वर ठेवलेल्या गोलाखाली मूळ कापड तसंच राहतं, गोलात दुहेरी थर होतो. त्यावर अस्तर, मधली लुगडी, सगळ्यातून धावदोरा घालायचा म्हणजे सुई अडते. खालचं कापड कापून काढता येतं म्हणा. पण आतून जोडलेला गोल सपाट बसतो, हे मला बघायचंय.

टेलर दादा, टाचण्या किती लावू? आणि वर कोणतं कापड ठेवू?

धुळेकर टेलर
गोलाची घडी घालून चार, मग आठ भाग करा, कडेला नखाने खूण पाडा. भोकालाही तसंच. खुणेला खूण लावून आठ टाचण्या, मग मध्ये लागतील तशा. उभा धागा उभ्या धाग्याला लावायला विसरू नका, नाहीतर चौकोन वाकडा ओढला जातो.

भोकाच्या कडेला अर्ध्या-अर्ध्या इंचावर चिरा, पण एक सूत खोल, जास्त नाही. दोन सुतांच्या जागेत एक सूत कापड उरलं पाहिजे. शिवताना गोल खाली, भोकाचं कापड वर. चिरा उघडतात तसं वरचं कापड हाताने वळवत जायचं. बाही बसवताना जसं करतो तसंच हे. काही जण उलटंही करतात, पण मग चिरा खाली जातात आणि चुणी पडली तरी दिसत नाही. टाका बारीक ठेवा. चार-पाच टाक्यांनी सुई कापडात खुपसून थांबा, फूट उचला, वळवा, पुन्हा चालवा. हाताच्या चाकाच्या मशीनचा इथे फायदाच आहे, एकेक टाका हातात राहतो. आणि सुरुवात सरळ धाग्यावरून करा, उरेबवरून नको.

भुसावळची गणितवाली
इस्त्रीचं एक राहिलं. शिलाईची जागा, म्हणजे टिपेपलीकडे उरलेली पाव इंची कड, बाहेरच्या कापडाकडे वळवा. मग चिरा फाकतात आणि गोल सपाट बसतो. आत वळवलीत तर गोलाचं जास्तीचं कापड गोळा होऊन खाली ढेकूळ येतं. इस्त्री घासू नका, उचलून दाबा. घासली की उरेब भाग पसरतो.

अमळनेरची सून
मांजरपाट आजच भिजवला. ऊन असं आहे की बादली रिकामी करेपर्यंत कापड वाळलं! उद्या खळ. साचे दोन्ही मापांचे पुठ्ठ्यावर कापले आहेत, वर "गोल" आणि "भोक" लिहून ठेवलं आहे. हिरव्या केंब्रिकसाठी जळगावातच गाडीतून उतरून फुले मार्केटला जावं की आधीच घ्यावं? क्लास ११ ला सुरू होतो.

धुळेकर टेलर
आधीच घ्या ताई. तिथे घेतलंत तर ते ना भिजलेलं ना खळ दिलेलं. मीटरभर खूप झालं. टाचण्या काचेच्या डोक्याच्या घ्या, प्लास्टिकच्या इस्त्रीखाली वितळतात.

शहाद्याची मावशी
जमी जाई बेटा. पण आली की त्या लुगड्याचं काय केलं ते सांग. जांभळं आत घालशील ना?