टर्कीचा सांगाडा टाकू नका, आधी अळणी पाणी काढा

विषय: उरलेली टर्की आणि रस्सा

मंडळींनो, नमस्कार.

काल थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्याकडे बरीच घरं जमली होती. चौदा पौंडांची टर्की भाजली. मांड्या संपल्या, छातीचं मांस बरंच उरलंय आणि अख्खा सांगाडा फ्रीजमध्ये आहे. सासू-सासरे कोल्हापूरहून आलेत. आबांना टर्की कोरडी लागली, पण 'एवढी हाडं हाईत, रस्सा व्हायला पायजे' असं सकाळपासून चाललंय त्यांचं. मला सापडलेल्या सगळ्या कृतींमध्ये क्रीम नाहीतर नूडल्स आहेत, ते त्यांना चालायचं नाही. कुणी केलंय का?

– मिशिगनची सून

---

उत्तर: उरलेली टर्की आणि रस्सा

अगं, आबांचं अगदी बरोबर आहे. मी तुमचं अमेरिकेतलं मंडळ सोडून कोल्हापुरात परत आले, तरी नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला की तुमच्या सगळ्यांच्या फ्रीजमधली हाडं मला दिसायला लागतात. त्या पक्ष्यातला खरा ऐवज हाडांत आहे, आणि लोक तोच काळ्या पिशवीत भरून टाकतात.

थेट तांबड्या रश्श्याला हात घालू नकोस. आपल्याकडे मटणाचं आधी अळणी पाणी, म्हणजे तिखट-वाटण न घातलेला शिजवणीचा रस, निघतो, ते वाटीवाटीनं पोरांना आणि म्हाताऱ्यांना मिळतं, आणि मग त्याच पाण्याचं तांबडं-पांढरं होतं. टर्कीलाही हीच रीत लाव. फरक एवढाच की मटण कच्चं असतं आणि तुझा पक्षी आधीच भाजलेला, बहुतेक मिठाच्या पाण्यात मुरवलेला. म्हणून अळणी काढताना मीठ अजिबात घालायचं नाही. पाणी आटतं तसा खारटपणा वाढतो.

आधी छातीचं मांस सोडवून वेगळं ठेव. ते रश्श्यात शिजवायचं नाही, आणखी शिजलं की दोऱ्या होतात. कातडी काढून टाक, कारण तिच्यात चरबी फार आणि रोजमेरी, सेज वगैरे पाल्याचा वास तिलाच चिकटलेला असतो. पोटात स्टफिंग भरलं असशील तर ते सगळं खरवडून काढ, नाहीतर पाण्याची खीर होते. मग सांगाडा हातानं मोडून मोठ्या पातेल्यात घाल. हाडं बुडून वर दोन बोटं येईल इतकं गार पाणी, तुझ्या पक्ष्याला साधारण साडेतीन लिटर. अर्धवट ठेचलेलं आलं, लसणाचा अख्खा गड्डा आडवा चिरून, एक कांदा सालासकट, थोडी हळद, पाचसहा मिरे, एक तमालपत्र.

उकळी दिसायला लागली की आच कमी कर. कडेनं एखादा बुडबुडा यावा, बस. खळाखळा उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून पाणी गढूळ आणि तेलकट होतं. वर येणारा फेस काढत राहा. तीन तास तरी लागतात, सांध्यांतला चिवट भाग विरघळायला वेळ हवा. त्याचंच जिलेटिन होतं आणि गार झाल्यावर पाणी थरथरतं. थरथरलं म्हणजे काम झालं. प्रेशर कुकरमध्ये पाऊण तासात होतं, पण भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नकोस.

आता एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. ते मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवू नका, आणि गरम पातेलं तसंच फ्रीजमध्येही ढकलू नका. एवढं पाणी आतून तासन्‌तास कोमट राहतं, आणि शिजवूनही टिकणारे काही जंतू नेमके त्या कोमट पाण्यात वाढतात. गाळून पसरट डब्यांत ओता, डबे बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग फ्रीज. भाजलेला पक्षीसुद्धा टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहिला असेल तर त्याचा मोह सोडायचा. घरात आबांसारखी वयस्कर माणसं आहेत, लहान पोरं असतील. फ्रीजमधलं उरलेलं मांस तीन-चार दिवसांत संपवायचं आणि पुन्हा गरम करताना वाफाळेपर्यंत करायचं, थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सियस, म्हणजे तुमचे १६५ फॅरनहाइट.

दुसऱ्या दिवशी डब्यावर चरबीचा थर गोठलेला दिसेल. तो टाकू नकोस! त्याच चरबीत फोडणी कर. कांदा तांबूस परत, त्यावर भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, कांदा, आलं-लसूण आणि कोथिंबिरीचं वाटण, आणि सासूबाईंनी बॅगेतून आणलेली कांदा-लसूण चटणी. कोल्हापूरची बाई चटणीशिवाय विमानात बसत नाही, तेव्हा ती घरात आहेच असं धरून चालते. वाटणाला तेल सुटलं की गरम अळणी ओत. कट वर येईल. मीठ या टप्प्यावर, चाखून.

पोटभरीचं हवं असेल तर जोंधळ्याच्या कण्या. तासभर भिजवून रश्श्यात शिजव, क्रीमची आठवणसुद्धा येणार नाही. कण्या नसल्या तर बार्ली चालते. पण जेवढं त्या दिवशी खायचं तेवढ्यातच घाल, कारण दाणा रात्रभर रस्सा पीत राहतो आणि सकाळी पातेल्यात घट्ट आंबील उरते. मांस बारीक तोडून अगदी शेवटी, गरम होण्यापुरतं.

आणि आबांना सगळ्यात आधी साधं अळणी दे. वाटीत, मीठ आणि मिरपूड घालून. तांबडं नंतर.

– आक्का, मंगळवार पेठ

---

उत्तर: उरलेली टर्की आणि रस्सा

आक्का, नमस्कार. सगळं पटलं, पण पांढऱ्याचं काय? नारळाचं दूध, काजू, खसखस, सगळं घरात आहे. टर्कीचा पांढरा होत नाही का?

– तात्या, न्यू जर्सी

---

उत्तर: उरलेली टर्की आणि रस्सा

तात्या, भाजलेल्या हाडांचा करू नका. भाजलेल्या हाडाचं पाणी तपकिरी निघतं, त्यात नारळाचं दूध घातलं की रंग चहासारखा होतो. आणि पांढऱ्यात वेलची-दालचिनीचा जो हळुवार वास हवा, तो भाजल्याच्या वासाखाली दबतो. पांढऱ्याला कच्चंच हाड पाहिजे.

पण टर्कीबरोबर मान आणि पोटातल्या तुकड्यांची पुडी येते ना, ती कच्ची फ्रीझरमध्ये ठेवली असेल तर तिचा पांढरा छान होतो. मान आणि पेटा घ्या, काळीज बाजूला ठेवा, त्यानं पाणी कडवट होतं. जोडीला कोंबडीचे कच्चे पंख. हळद घालायची नाही. काजू, तीळ, खसखस, मगज बी भिजवून गंधासारखं वाटा. नारळाच्या दुधात आधी दोन पळ्या गरम अळणी घालून ढवळा, मग ते पातेल्यात, आणि त्यानंतर उकळी येऊ द्यायची नाही, दूध फुटतं. तिखटपणा हिरव्या मिरचीचा आणि पांढऱ्या मिऱ्याचा.

नाताळात सिंगापूर किंवा दुबईला जाणाऱ्यांनी खसखस बॅगेत ठेवू नये, तिथं तिला बंदी आहे. तिथल्या मंडळींनी तीळ-काजूवर भागवावं, चवीत फार उणं पडत नाही.

इथं नाताळात नातवंडं आली की आम्ही चुलीवर कोंबड्या भाजतो आणि त्या हाडांचंही असंच करते. ब्रॉयलरची हाडं मऊ, दीड-दोन तास पुरतात. जास्त ठेवली तर भुगा होऊन पाण्यात उतरतो.

– आक्का

---

उत्तर: उरलेली टर्की आणि रस्सा

आक्का, पाणी थरथरलं! आबांनी अळणीच्या दोन वाट्या घेतल्या आणि मग तांबड्याबरोबर भाकरी मागितली, ती आईंनी केली. छातीचं मांस शेवटी घातलं, मऊ राहिलं. दीड लिटर अळणी अजून आहे. फ्रीझरमध्ये किती टिकेल?

– मिशिगनची सून

---

उत्तर: उरलेली टर्की आणि रस्सा

दोन-तीन महिने चव चांगली राहते. डबा काठोकाठ भरू नकोस, गोठताना पाणी फुगतं. थोडं बर्फाच्या ट्रेमध्येही ओतून ठेव, रोजच्या आमटीत दोन खडे टाकायला. आणि वर तारीख लिही.

– आक्का