युरोप ग्रुप टूर: साडीतच बर्फात जायचंय, कपडे आणि बॅग याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं ग्रुप टूरने युरोपला निघतोय. तेरा दिवस आहेत. पॅरिसला उतरायचं, मग ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, जर्मनीतून स्वित्झर्लंड, पुढे इन्सब्रुक, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स आणि रोमहून परत. व्हिसा हातात आला, विमा काढून झाला. गाडी अडलीय ती बॅगेपाशी, आणि त्यातही एका दिवसापाशी. तो दिवस युंगफ्राउयोखचा, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या उंचावरच्या बर्फाळ खिंडीचा.

सासूबाई ७१ वर्षांच्या. त्यांनी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. हिमनदी डोंगर कशी कापत जाते हे त्या रंगीत खडूंनी फळ्यावर काढून दाखवायच्या, असं त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. ही टूर त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून केलीय, आम्ही सोबतीला. कार्यक्रमाचा कागद आला तेव्हा पॅरिस, रोम सोडून त्यांनी पेन्सिलीने एकाच ओळीखाली रेघ ओढली: अलेच हिमनदी. आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी युंगफ्राउयोखवरून समोर दिसते. त्यामुळे "आईंना खाली हॉटेलवर बसवा, तुम्ही दोघं जाऊन या" हा सल्ला कृपा करून देऊ नका. तो घरातल्या सगळ्यांनी देऊन झालाय.

दुसरं असं, की त्या साडीच नेसतात. पंजाबी ड्रेस नाही, पँट तर नाहीच. मलाही त्यांच्यावर ते लादायचं नाही.

भीती वाटतेय ती मनालीमुळे. दोन वर्षांपूर्वी तिथे बर्फात गेलो तेव्हा भाड्याचा कोट आणि दोन नंबर मोठे गमबूट मिळाले. आईंची सुती साडी होती. पाचेक मिनिटांत निऱ्यांचा काठ ओला झाला, अर्ध्या तासात परकर पोटऱ्यांना चिकटला. त्या काहीच बोलल्या नाहीत. गाडीत बसल्यावर मी बूट काढले तर पावलं पांढरीफटक पडलेली, बोटांना स्पर्श कळत नव्हता. मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं मनाशी ठरवलंय.

आता मी केलेला हिशेब सांगते, चुकत असेल तर सुधारा. डोंगराखालचं इंटरलाकेन गाव साधारण ५७० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास आमच्या सांगलीएवढ्याच उंचीवर. युंगफ्राउयोख ३४५४ मीटर. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे एकाच दिवसात एकोणीसेक अंशांचा फरक. खाली २० अंश, लोक अर्ध्या बाह्यांत हिंडतायत, आणि वर शून्याच्या आसपास, वारा असेल तर आणखी बोचरं. त्यात जायची वाट झटपट. त्याहून वरच्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून २०२० साली सुरू झालेल्या केबलकारने पंधरा मिनिटांत २३२० मीटरवर, तिथून बोगद्यातली रेल्वे. एकूण पाऊण तासाच्या प्रवासात आपण अडीच हजार मीटर वर गेलेलो असतो. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. डॉक्टरांनी आईंचा ईसीजी बघून जायला परवानगी दिलीय. वर पोचल्यावर आधी बसा, पाणी प्या, जिने घाईने चढू नका, डोकं दुखून मळमळायला लागलं तर थांबू नका, खाली या, असं बजावलंय.

उपाय आईंनीच काढला. मी थर्मलवर परकर, परकरावर सहावारी असं काहीतरी जुळवत होते. त्या म्हणाल्या, "अगं, माझी सासू नऊवारीत भाताच्या चिखलात उभी राहायची. काष्टा असला की काठ भुईला लागतो कशाला?" मला हे सुचलंच नव्हतं. नऊवारीत दोन्ही पाय वेगळे, परकर नाही, आत थर्मलची विजार सहज बसते, पोटरीपर्यंत लोकरीचे मोजे, आणि निऱ्या पायात येऊन पडायची भीती नाही. वरून पदर खोचून गुडघ्यापर्यंतचा कोट.

इथेच माझे प्रश्न सुरू होतात. पहिला कापडाचा. सुती ओलं झालं की पाणी धरून बसतं आणि अंगातली ऊब खेचतं, हे मनालीत कळलं. मग सिंथेटिक कापडाची नऊवारी घ्यावी का? की वाऱ्यात ती अगदीच पातळ पडेल? दुसरा प्रश्न बायकांना लगेच कळेल: त्यांना बीपीच्या गोळीमुळे वरचेवर बाथरूमला जावं लागतं. नेसलेली नऊवारी, आत थर्मल, वरून कोट, आणि बाहेर ग्रुप खोळंबलेला. शिवलेली नऊवारी अशा वेळी खरंच सोपी पडते का? कुणी शिवून घेतली असेल तर कमरेला नाडी बरी की इलॅस्टिक, तेही सांगा.

बुटांचं मात्र ठरलंय: भाड्याचे नाहीत. घोट्याच्या वर येणारे, तळ खरबरीत असलेले, पाणी न शिरणारे बूट घेतलेत, जाड मोजे घालून मापाला लावून बघितलेत. रोज संध्याकाळी त्या तेच घालून आमराई बागेत दोन फेऱ्या मारतात, म्हणजे बूट पायाला सरावतील. वर बर्फाच्या महालात जमीनच बर्फाची, आणि इटलीत दगडी फरसबंदीवर चालायचंय.

बाकीची बॅग त्यामानाने सोपी, तरी वजन जमत नाहीये. कंपनीने २० किलोच्या आत ठेवायला सांगितलंय, आमची काल २२.४ भरली. रोममध्ये ३० अंश, पॅरिस–ॲमस्टरडॅमला कधी ऊन तर कधी तासाभरात पाऊस, म्हणून एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ थर नेतोय: थर्मल, त्यावर फ्लीस, सगळ्यावर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. छत्री एकच. वारा सुटला तर रेनकोटच उपयोगाचा. गॉगल तिघांनाही, बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना फार त्रास देतं. व्हेनिसला बस बेटाच्या टोकाला सोडते आणि पुढे बोट, तेव्हा त्या दिवशीचे कपडे पाठपिशवीतच हवेत.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव लिहून घेतलंय. पॉवरबँकही तिथेच, तो चेक-इन बॅगेत चालत नाही. खाण्यात मेतकूट, चटण्या, भाजके पोहे. तुपाची बरणी आणि पेढे आईंना समजावून बाहेर काढले, कारण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. अजून कुणी डबे भरत असेल तर लक्षात ठेवा.

आणखी एक शंका. पॅरिसला जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमाराला मावळतो. आईंच्या रात्रीच्या गोळ्या घड्याळाने द्यायच्या हे ठीक, पण उजेडात त्यांना झोप लागत नाही. डोळ्यांवरची पट्टी सोसवेल असं वाटत नाही. दुसरं काही केलंय का कुणी?

भर, दोन दिवसांनी: उत्तरांबद्दल मनापासून आभार. शिवलेल्या नऊवारीबद्दल तिघींनी एकच सांगितलं, म्हणून कालच शिंपीदादांकडे जाऊन आलो. कापड सिंथेटिक, थोडं जाडसर, रंग आईंच्या पसंतीचा गर्द जांभळा. नाडी आणि इलॅस्टिक दोन्ही. दादांनी आतून विजारीसाठी सैल जागा सोडायचं कबूल केलंय.

रात्री एसी १८ वर लावून जुन्या नऊवारीखाली सगळे थर घालून बघितले. मी घड्याळ लावलं होतं: बाथरूमला जाऊन, सगळं सारखं करून बाहेर यायला अकरा मिनिटं लागली. शिवलेलीत ते निम्म्यावर येईल असं शिंपीदादा म्हणतात. आई आरशासमोर कोट घालून बराच वेळ उभ्या होत्या. मग कपाटातून त्यांनी जुनी वही काढली, त्यात हिमनदीची आकृती होती, बाण काढून नावं लिहिलेली. ती वही न्यायची म्हणतायत. ३०० ग्रॅम भरली. मी माझी एक जीन्स बाहेर काढली.

आता एकच राहिलंय. हातमोजे घातले की त्यांना काठी नीट धरता येत नाही, मूठ सटकते. बोटं मोकळी राहतील पण गारठणार नाहीत असे मोजे पुणे, सांगली किंवा कोल्हापुरात कुठे मिळतील? आम्ही निघायला अठरा दिवस आहेत.