अनुभव धागा: अनवाणी धावताना

टेकडीकर
परवा तळजाईवर पाच बोटांचे बूट घातलेला एक तरुण माझ्या पुढून धावत गेला आणि शाळेच्या क्रीडास्पर्धांत फक्कीने आखलेल्या मार्गिकांवरून आम्ही सगळेच अनवाणी धावत असू, याची आठवण झाली. बूट असत ते एन.सी.सी.च्या मुलांकडे, आणि तेही परेडपुरते. हिवाळ्यापासून मी टेकडीच्या मातीच्या वाटेवर पुन्हा अनवाणी धावू लागलो आहे. पावले आपोआप आखूड पडतात, आणि वाटेवर नजर ठेवावीच लागत असल्यामुळे कानात गाणी लावण्याची सवयही सुटली. आपण कोणत्या जमिनीवर धावता, ते कृपया लिहावे.

कातळसडा
जांभ्याच्या सड्यावर अनवाणी धावणे ही शिक्षाच आहे, कारण पावसाने झिजलेल्या त्या दगडाला बारीक, धारदार कडा येतात. दापोलीजवळ मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू मात्र उत्तम. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या जिना उतरू देत नाहीत. किनारा समुद्राकडे उतरता असल्यामुळे एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो, म्हणून जितके जावे तितकेच त्याच रेषेने परत यावे, म्हणजे दोन्ही पायांवर सारखा ताण येतो.

माळावरची
वाळू असणारे भाग्यवान आहेत! आमच्या सोलापूरकडे सराटा आहे. पावसाळ्यात जमिनीलगत पसरलेली, पिवळ्या फुलांची ती वेल दिसली की वाट बदलावी, कारण तिचे फळ कसेही पडले तरी एखादा काटा वर राहतोच. वडील रुईचा चीक लावून काटा काढत. मी सुई आणि साबणाचे पाणी यांवर भागवते.

पोटरीवाला
ताई, चीक लावू नका हे बरेच; तो डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्यावी. व्यवसायाने मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे एवढे सांगतो की, हार्वर्डच्या डॅनिएल लीबरमन यांच्या गटाने २०१० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले ते असे: सवयीने अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा पहिला धक्का कमी बसतो. दुखापती कमी होतात, असे त्यातून सिद्ध होत नाही. ताण नाहीसा होत नसून पोटरी, टाचेमागची शीर आणि चवड्याची हाडे यांच्याकडे जातो, आणि घाई करणारे रुग्ण माझ्याकडे नेमके तेच दुखणे घेऊन येतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी या वाटेला जाऊच नये.

दादरकर
शिवाजी पार्कच्या मातीत धावताना एका आजींनी मला थांबवून विचारले, "नवस बोललायस का रे बाळा?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी चपलेसाठी पैसे देऊ केले. काचेपेक्षा ही करुणा चुकवणे अधिक कठीण आहे.

माळावरची
आजींना सांगायचे होते की पातळ तळाचे सँडल चपलेच्या कितीतरी पट महाग मिळतात! मेक्सिकोतील रारामुरी लोक टायर कापून केलेल्या चपलांवर डोंगर धावतात, आणि आमच्या बाजारात टायरच्या चपला गुराखी वर्षानुवर्षे घेत आले आहेत. त्यांचा तळ जाड असतो, पण सराटा आत येत नाही.

टेकडीकर
दादरकर, आपण पैसे घेतले की नाही, ते लिहिले नाहीत.

धावता भोवरा
अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी धावून ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकले, हे अनवाणी पंथाचे लोक आवर्जून सांगतात. १९६४ मध्ये टोकियोला त्यांनी बूट घालून पुन्हा सुवर्णपदक घेतले, हे मात्र सहसा गाळतात. मी स्वतः आठवड्यातून एकदाच मैदानाच्या गवतावर अनवाणी धावतो आणि बाकी दिवस बूट घालतो. नागपूरच्या मे महिन्यात डांबर संध्याकाळीही तापलेले असते, तेव्हा सूर्योदयापूर्वीच उरकावे लागते.

दादरकर
पैसे घेतले नाहीत. आता त्या दिसल्या की मीच लांबून वळसा घेतो.