जुन्या खाणीजवळचा प्लॉट घ्यावा का?

प्रश्न: चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला, जुन्या कोळसा खाणीजवळ एक प्लॉट स्वस्तात मिळतोय. शेजारच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग आहे, दार खाली घासतं. मालक म्हणतो, काळी माती आहे, चालायचंच. खरं का?

उत्तर: काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. पावसाळ्यात भेग मिटत असेल तर दोष मातीचा. पायाला अंडर-रीम पाइल (तळाशी फुगीर असलेले, जमिनीत खोल गेलेले काँक्रीटचे खांब) घ्या, छताचं पाणी पायापासून लांब काढा.

उत्तर: भाऊ, थांबा जरा. मी भूमिगत खाणीत सर्व्हेला होतो. खाली कोळशाचे खांब सोडून बाकीचा कोळसा काढतात. पोकळीत वाळू भरली नसेल तर वर्षानुवर्षं खांब खचत जातात, खाणीचं छत ढासळतं. खाण उथळ असली की वर थेट खड्डा! २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्याच अमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीच्या पोटात गेलं. तिथे पाइल काय करणार? बोअर मारून वाळू-पाणी भरता येतं, पण ते एकट्यादुकट्याचं काम नाही.

प्रश्नकर्ता: काका, खालचा नकाशा मिळतो का?

उत्तर: खाणीच्या सर्व्हे ऑफिसात विचारा. बंद खाणींचे नकाशे खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे जमा करावे लागतात. तोवर इसार देऊ नका.