एसपीएफ लावलं तरी खोटे मेल का जातात

प्रश्न असा की होस्टिंगच्या पॅनेलमधून एसपीएफ रेकॉर्ड (आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची यादी) टाकूनही आपल्याच डोमेनच्या नावाने खोटी बिलं ग्राहकांना कशी जातात. एसपीएफ तपासतं पाकिटावरचा पत्ता, म्हणजे रिटर्न-पाथ (न पोचलेला मेल जिथे परत येतो तो पत्ता). ग्राहकाला दिसतो तो 'फ्रॉम', त्याच्याशी एसपीएफला देणंघेणं नाही. दोन्ही जुळतात का, हे डीमार्क बघतं; तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, हेही या रेकॉर्डमध्येच लिहितात.

शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या वेबसाइट) आणखी एक धोका आहे, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. तुमच्या एसपीएफमध्ये ज्या सर्व्हरचा आयपी आहे, त्याच आयपीवरून इतर डोमेनांचेही मेल जातात. शेजारच्या कुणाचं वर्डप्रेस हॅक झालं आणि होस्टने पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बंधन घातलेलं नसेल, तर तिथून तुमच्या नावाने गेलेला मेल एसपीएफ आणि डीमार्क दोन्हीत पास होतो! होस्टला हे आधी विचाराच. जमलं तर मेल वेगळ्या सेवेवर न्या आणि होस्टचा आयपी रेकॉर्डमधून काढा.

एसपीएफचं रेकॉर्ड एकच हवं, दोन झाली की तपासणीच फसते. डीकेआयएमही (मेलला जोडलेली डिजिटल सही) चालू करा. फॉरवर्ड झालेल्या मेलमध्ये सहसा तीच सही टिकते. डीमार्क सुरुवातीला 'नन'वर (काही अडवू नका, फक्त कळवा) ठेवून अहवाल वाचा, बिलिंग सॉफ्टवेअर, वेबसाइटचा फॉर्म असे विसरलेले स्रोत त्यात सापडतात. मग क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट (नाकारा). ज्या डोमेनवरून मेल जातच नाही, त्याला आजच रिजेक्ट लावा.